दोन बिड्यांचा दम

माझ्या थोरल्या पोराचं, झनकलालचं, लग्न ज्या माघात झालं, त्याच माघात आमच्या बदकांना घरघर लागली.

नवं जोडपं चार दिवस राहून शहराकडे कामावर निघून गेलं होतं. मांडवाच्या डहाळ्या अजून अंगणात सुकत पडल्या होत्या. सकाळी मी चूल सारवत होते, तेवढ्यात मागच्या अंगणातून कौतिकाची हाक आली.

"माय, इकडं ये व. ढवळी घोरून रायली."

"बदक कायले घोरन? घोरते तो तुहा बाप."

"मी जागा आहो," हे खाटेवरून बोलले. हे म्हणजे झनकचे बाबा.

"तू ये तं खरी!"

कौतिका माझी धाकटी. एकोणिसावं लागलेलं. खुराड्याच्या तोंडाशी ती उकिडवी बसली होती आणि ढवळीला मांडीत धरून होती. ढवळी आमची सगळ्यांत जुनी मादी. तिने मान लांब केली होती आणि दर श्वासाला चोच उघडत होती. नाकपुडीवर फेसाचा बुडबुडा यायचा, फुटायचा. एक डोळा चिकटला होता. मी तिच्या पाठीला कान लावला. ओल्या फडक्यातून वारा ओढावा तसा आवाज आत येत होता.

"अशी किती आहेत?"

"पाच. काल दोन होती."

"काल काहून नाही सांगतलं?"

"तू दादा गेला म्हणून रडत होतीस. म्हटलं, एका दिवशी एकच रडणं पुरे."

आमच्याकडे तेव्हा चोवीस बदकं होती. तलावाकाठचं आमचं गाव, घर ढिवराचं. जाळं, डोंगा पुरुषाचा; मागचं अंगण बाईचं. माझ्या आईच्या घरात एक रीत होती. पोरगी सासरी निघाली की आई आपल्या कळपातली एक मादी आणि एक नर टोपलीत घालून तिच्यासोबत द्यायची. आजीने माझ्या आईला दिली, आईने मला दिली. ती टोपली मांडीवर घेऊन मी बैलगाडीतून या घरी आले, आणि वाटेत टोपलीतल्या नराने नवरदेवाच्या बोटाला चावा घेतला. हे मरेपर्यंत सांगत, हुंड्यात मला तेवढंच मिळालं.

ती चोवीस बदकं त्याच जोडीची पोरं-नातवंडं होती. कौतिकाचं लग्न वैशाखात ठरलं होतं, तलावाच्या पलीकडच्या गावी. तिने आपली जोडी निवडूनही ठेवली होती. ढवळीची एक पिल्ली आणि सरदार नावाचा हिरव्या मानेचा नर. त्या सकाळी सरदारही मान लांब करून बसला होता.

"माय, माही जोडी जगन ना?"

"जगन. पपईचं पान तोडून आण."

बदकाच्या चोचीवरची नाकपुडी आरपार असते. उजेडाकडे धरलं तर पलीकडचं दिसतं. म्हणून आमच्या बायांचा उपाय असा, की पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्यायचा, टोक निमुळतं कापायचं, टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलात बुडवून एका नाकपुडीला लावायचं आणि दुसऱ्या टोकाने तोंडाने फुंकायचं. फुंकर लांब आणि एकसारखी हवी. मग दुसऱ्या नाकपुडीतून आतला सगळा शेंबूड बाहेर येतो आणि बदक मोकळा श्वास घेतं. आईने मला शिकवलं होतं. मी कौतिकाला शिकवलं.

माझा दम पुरत नसे. चुलीच्या धुराने माझी छाती केव्हाच गेली होती. कौतिकाचा दम मात्र साऱ्या गावात कोणाला नव्हता. ती कमळकांदे काढायला बुडी मारायची तेव्हा बाप काठावर बिडी पेटवायचा. बिडी संपली की ती वर यायची, हातात चिखलाने भरलेले कांदे घेऊन, आणि आधी विचारायची, "संपली का?" हे थोटूक दाखवायचे. कधी थोडी उरलेली असली, तर पोरगी चिडून पुन्हा खाली जायची.

तेव्हा फुंकायचं काम तिचंच. पाच बदकांची आठ झाली, आठाची तेरा. रोज सकाळी एकेक मांडीत घ्यायची, तोंडाशी तोंड नेऊन फुंकायची. शेंबूड तिच्या गालावर उडायचा. ती खांद्याने पुसायची आणि पुढचं बदक उचलायची.

"लग्नाआधीच मुके घेऊन रायली," हे म्हणायचे. "जावयाले कळलं तर?"

"तुमच्या जावयाले सांगजा, सरदार त्याच्यापेक्षा गोरा आहे," कौतिका म्हणायची.

"सरदाराची मान हिरवी आहे."

"मग आणखीच चांगलं."

आठ दिवस असे गेले. तीन बदकं मेली. ढवळी त्यांत होती. कौतिकाने तिला बांधावर पळसाखाली पुरलं आणि घरी येऊन पुन्हा देठ हातात घेतला.

नवव्या दिवशी ती खोकली. कोरडा, छोटा खोकला. मी भाकर थापत होते. मी मान वर केली नाही. पण ऐकलं.

त्याच दुपारी माझी जाऊ सगुणा आली. दारातूनच बोलत आली.

"आयकलं का? कुठं तरी दूर कोंबड्यांचा रोग आला म्हणते. सरकारची माणसं येतात, पांढरे कपडे, तोंडाले फडके. गावातल्या साऱ्या कोंबड्या, बदकं पोत्यात भरतात, खड्ड्यात टाकतात, वरून चुना."

"आजारी असन त्या?"

"आजारी, बरी, काही पायत नाही. जितीच्या जिती. अन् माणूस खोकताना दिसला तं त्याले बी घेऊन जातात म्हणते."

"खड्ड्यात?"

"खड्ड्यात कायले, दवाखान्यात. पण कोणास ठाऊक, बाई."

परसात कौतिका खोकली. सगुणाने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाण्यातलं आहे," मी म्हणाले. "सांगतलं होतं तिले, थंडीत बुडी मारू नको म्हणून."

सगुणा गेल्यावर मी कौतिकाला सांगितलं, "बाहेर कोणाच्या पुढं खोकू नको." ती हसली. "काहून? खोकल्याले बी चुना टाकतात?"

दोन दिवसांनी सकाळी उन्हं अंगणात आली तेव्हा मोटारसायकलचा आवाज आला. जनावरांचे डॉक्टर होते. आडनाव बोकडे. त्यावरून गावातली पोरं त्यांच्या मागे हसायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं. तरुण माणूस, चांगला. यांनीच त्यांना आठवडी बाजारात गाठून सांगितलं होतं, मला न विचारता.

मोटारसायकल कुंपणाशी थांबली तेव्हा कौतिका माझ्याजवळ पाणी भरत होती. तिला त्या सकाळी ताप होता. डोकं फुटतं म्हणत होती. मी तिचा दंड धरला आणि तिला धानाच्या खोलीत लोटलं. तिथे धान साठवायच्या मोठ्या ढोलीच्या मागे एक माणूस बसेल एवढी जागा होती.

"माय, काय झालं?"

"डॉक्टर आला. खोकलीस तं सारी बदकं पुरतील. तुही जोडी बी. आवाज करू नको."

"खोकला आला तं?"

"एवढी बुडी मारतेस ना? मग मार."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पदराचा बोळा केला, तोंडात धरला आणि ढोलीच्या मागे बसली. मी दार ओढून घेतलं.

डॉक्टर अंगणात आले. यांनी खाट टाकली. ते बसले नाहीत. सरळ खुराड्याकडे गेले, वाकले, हात घालून तळातलं तणस, धानाचा पेंढा, बाहेर काढलं आणि नाकाजवळ नेलं.

"बाई, हे तणस कुठलं?"

"मांडवातलं. पाहुणे बसायले टाकलं होतं. मधात पाणी आलं ना, तेव्हा भिजलं. म्हटलं, फेकायपेक्षा बदकाखाली टाकावं."

"बुरशी आहे सगळी. हे पाहा, पांढरं. आजच्या आज काढा. वाऱ्यावर झटकू नका, ओलं करून दूर नेऊन जाळा."

मग त्यांनी एकेक बदक धरायला घेतलं. पाठीला कान लावत, चोच उघडून पाहत, सोडून देत. एकवीस बदकं. कोणतंच राहू दिलं नाही. धानाच्या खोलीची भिंत अंगणाला लागूनच होती, मातीची. मी त्या भिंतीला पाठ लावून उभी होते.

हे ओट्यावर बसले. खिशातून बिडी काढली आणि पेटवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"रोग दोन असू शकतात," डॉक्टर सांगत होते. "एक या बुरशीचा. दुसरा असा, की तो पक्ष्याकडून माणसालाही होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. लोक घाबरले आहेत तो रोग आपल्याकडे नाही, कोणी बदकं पुरायला येत नाही. पण मला खरं सांगा. घरात कोणाला ताप, खोकला, डोकेदुखी?"

सरकारचा माणूस दुसरं काय सांगणार, असं मला वाटलं. "नाही," मी म्हणाले.

"कोणालाच नाही?"

"नाही जी."

ते वाकले आणि खुराड्याच्या छपरावरचा पपईचा देठ उचलला. त्याच्या टोकाला तेल होतं.

"हे कोण फुंकतं?"

"मी."

"तुम्ही? मग तुम्हाला खोकला नाही?"

"आमाले सवय आहे."

त्यांनी मला लांब श्वास घ्यायला लावला. मी घेतला. छातीत शिट्टी वाजली. "चुलीचा धूर आहे," असं तेच म्हणाले. मग आजूबाजूला पाहून म्हणाले, "तुमची एक मुलगी आहे ना? बाजारात यांच्यासोबत असते, कमळकांदे घेऊन."

यांची बिडी हातातच विझली होती. यांनी दुसरी पेटवली.

"ते मामाच्या गावाले गेली," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"लग्न झालं तवापासून. दादासोबतच निघाली."

डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं. हे धूर सोडत राहिले. तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटलं. भिंतीच्या आत काहीच आवाज नव्हता. श्वासाचाही नाही.

मग डॉक्टर खाटेवर बसले. पिशवीतून पुड्या काढल्या. पिवळी पूड.

"सात दिवस. रोज सकाळी एका गाडग्याच्या पाण्यात एक चमचा. हेच पाणी प्यायला ठेवा, दुसरं नको. तलावात सोडू नका. अंडी खाऊ नका, कोणाला देऊही नका. हात लावताना नाकातोंडाला फडकं बांधा. आणि हे फुंकणं आजपासून बंद."

"जगतील का जी?"

"जगतील. बरीच जगतील. आठव्या दिवशी येतो मी."

त्यांनी एक कागद भरला आणि मला वाचून दाखवला. बदकं एकवीस, आजारी अकरा, मेलेली तीन. घरात आजारी माणूस कोणी नाही. "बरोबर ना?"

"बरोबर."

त्यांनी शाईची डबी उघडली. मी अंगठा दिला.

मोटारसायकल वळणावर गेल्याचं पाहून मी खोलीचं दार उघडलं. कौतिका तशीच बसली होती. डोळ्यांतून पाणी गालावर, हनुवटीवर. ओठ जांभळे. तिने तोंडातला बोळा काढला आणि मग जी खोकली, ती खांबाला धरून उकिडवीच झाली. यांनी धावत येऊन तिची पाठ धरली. खोकला थांबायला पुष्कळ वेळ लागला. थांबल्यावर ती भिंतीला टेकली आणि बापाला म्हणाली,

"किती झाल्या?"

"दोन," हे म्हणाले.

"दोन बिड्या?" ती हसली. "एवढं तं पाण्यात बी नाही केलं मी."

यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग अंगणात येऊन मला एवढंच म्हणाले, "सांगून टाकाचं होतं, झनकच्या माय."

"अन् बदकं?"

हे खुराड्यातलं तणस ओलं करायला निघाले.

दुसऱ्या दिवसापासून औषध सुरू झालं. पूड कालवायचं काम कौतिकाने आपल्याकडे घेतलं. मी नको म्हटलं तर म्हणाली, "माह्या जोडीचं मी पाहीन." तोंडाला फडकं बांधायची, गाडग्यात चमचा घालायची आणि हाताने ढवळायची. पाणी हळदीसारखं पिवळं व्हायचं. तिची बोटं दिवसभर पिवळी असायची. ती म्हणायची, "पाय माय, माही हळद आधीच लागली."

तिसऱ्या दिवशी बदकांच्या नाकाचा फेस थांबला. चौथ्या दिवशी डोळे उघडले. चौथ्याच दिवशी कौतिका अंगणातून घरात येताना मधेच खाली बसली.

मी आल्याचा काढा दिला. छाती शेकली. टोळीचं तेल चोळलं. ताप उतरायचा आणि चढायचा. जेवण जाईना.

"तालुक्याले नेतो मी तिले," हे म्हणाले.

"दवाखान्यात विचारतील, घरी काय पाळता. मग तेच कागद, तोच डॉक्टर. मामाच्या गावची पोरगी घरात कशी आली म्हणन. अंगठा दिला आहे मी."

"मग दिला तं दिला!"

"तीन दिवस राहिले औषधाचे. बदकं उठली की मंग कोणाचं काय भेव आहे? मंग नेऊ. खुशाल नेऊ."

कौतिका अंथरुणावरून ऐकत होती. "बा, राहू द्या," ती म्हणाली. "तीन दिवस तं मी दमावर काढीन."

सहाव्या दिवशी सकाळी सरदार ओरडला. आजारात त्याचा आवाज गेला होता. नराचा आवाज तसाही बारीक, घोगरा. पण त्या दिवशी तो मोकळा निघाला. मी धावत आत आले. "कौतिका, आयकलं का? सरदार बोलला." तिने डोळे उघडले, मान हलवली. पण तिच्या छातीतून आवाज येत होता. ओल्या फडक्यातून वारा ओढावा तसा. आणि श्वास घेताना ती मान लांब करत होती.

तेव्हा मी दिवस मोजणं सोडलं.

शिंगाड्याच्या व्यापाऱ्याचा टेम्पो गावात उभा होता. यांनी तिला उचलून त्यात घातलं. पोत्यांवर गोधडी टाकली, डोकं माझ्या मांडीवर. तालुक्याला दीड तास लागतो. वाटेत एकदा तिने माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला, काही अडकलं आहे ते मी काढावं तसा.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर माणसं होती. पांढऱ्या कपड्यातली एक बाई आतून येत होती. कौतिकाने तिला पाहिलं. पदर तोंडाशी नेला आणि माझ्याकडे पाहून हळूच विचारलं,

"माय, इथं खोकू का?"

"खोक ना माय," मी म्हणाले. "खोक. कितीबी खोक."

पण तेवढी ताकद तिच्यात राहिली नव्हती. आत नेलं, नाकाला नळी लावली. नर्सबाईने विचारलं, किती दिवसांपासून? यांनी सांगितलं, नऊ. बाईने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

आम्ही तिला संध्याकाळच्या आत परत आणलं, त्याच टेम्पोतून.

आठव्या दिवशी डॉक्टर बोकडे आले. त्यांनी येतो म्हटलं होतं. घराच्या समोर माणसं बसली होती, पण ते मागच्या वाटेने आले, थेट बदकांकडे. मी तिथेच होते. बदकांना खायला घालायचं कोणाला सुचलं नव्हतं, म्हणून मी आले होते. त्यांनी कुंपणातूनच बदकं पाहिली आणि त्यांचा चेहरा फुलला.

"वा, बाई! सगळी उठली की. किती गेली आणखी?"

"एक बी नाही."

"एकवीसच्या एकवीस? मग औषध बरोबर लागू पडलं. हा बुरशीचा रोग नव्हता. बुरशीला ही पूड चालत नाही." ते खाली बसून गाडग्यातलं पाणी पाहत होते. "बुरशी थोडी असेलही, पण मूळ आजार तो दुसरा. मी म्हटलं होतं ना, माणसाला होतो तो. बरं झालं, घरात कोणाला..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे ओट्यावर यांना पाहिलं. यांनी डोकं भादरलं होतं. मग घरातून बायांचा आवाज त्यांना ऐकू आला असावा.

"कोण?" ते म्हणाले.

"कौतिका."

"मामाकडे होती ना?"

"नाही."

"मी आलो तेव्हा कुठे होती?"

मी मातीच्या भिंतीकडे बोट केलं. ते उठले, भिंतीजवळ गेले, तिथे कसं कोणी असेल ते पाहावं तसे उभे राहिले.

"फुंकत तीच होती?"

"हाओ."

"आणि खोकत होती?"

"हाओ. तुमी होते तेवढा वेळ नाही खोकली."

डॉक्टर पुन्हा खाली बसले. मला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते त्या पिवळ्या गाडग्याच्या काठावर बोट फिरवत राहिले.

"हे घरात होतं," ते म्हणाले. मला नाही, गाडग्याला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात सांगितलं, "बाई, या रोगावर माणसालाही याच जातीचं औषध देतात. गोळ्या असतात. वेळेवर दिल्या की माणूस दोन दिवसांत उठून बसतो."

"हेच औषध?"

"याच जातीचं."

"ते रोज कालवत होती जी. हाताने."

त्यांनी खिशातून कागद काढला. मग म्हणाले, तुम्ही दोघं आजच तालुक्याला जा, मी चिठ्ठी देतो, तुम्हालाही धोका आहे. आम्ही गेलो. गोळ्या मिळाल्या. मी त्या घेतल्या, एकही चुकवली नाही. मला काही झालं नाही. यांनाही नाही. यांनी पुढे बारा वर्षं काढली, पण बिडी पुन्हा तोंडाला लावली नाही.

गोळ्यांचे दिवस संपले तेव्हा मी बदकं तलावात सोडली. संध्याकाळी त्यांना हाक मारायचं काम कौतिकाचं होतं. "आऽऽ तिव तिव तिव," अशी ती काठावरून ओरडायची आणि ती रांगेने यायची. त्या दिवशी कोणी हाक मारली नाही. मला वाटलं, जातील कुठे तरी, जाऊ देत. दिवस मावळायच्या आधी ती आपली आपण आली. पुढे सरदार, मागे ढवळीची पिल्ली, मग बाकीची. अंगणात येऊन उभी राहिली आणि दाराकडे माना करून ओरडत राहिली. मी खुराड्याचं दार उघडलं. त्यांनी आत जायला वेळ लावला.

त्यानंतर मी अंडी उबवायला बसवली नाही. कळप आपोआप संपला. माझ्या आजीपासून आलेली ती बदकं माझ्यापाशी संपली.

पुढे गावात बायांसाठी लिहायचा-वाचायचा वर्ग निघाला, तेव्हा मी साठीला टेकले होते. अक्षरं जुळायला लागल्यावर शिकवणाऱ्या पोरीने सांगितलं, आपल्या मनाचं एक वाक्य लिहा. कोणी देवाचं नाव लिहिलं, सगुणाने नवऱ्याचं लिहिलं आणि साऱ्या बाया हसल्या. मी लिहिलं, "घरात कौतिका खोकत होती." पोरीने पाटी पाहिली, दोन वेलांट्या नीट करून दिल्या आणि विचारलं, "आजी, कौतिका कोण?"

कौतिका माझी धाकटी मुलगी. ती झनकलालच्या लग्नाच्या साली, फाल्गुन शुद्ध सप्तमीला, मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमारास तालुक्याच्या दवाखान्यात वारली. होळीला आठ दिवस होते. बदकांच्या औषधाची एक पुडी उरली होती.